दुहेरी नकार आणि तिसरे पद

‘हेही नको आणि तेही नको’ असे सांगणाऱ्या उक्तींना आधुनिक राजकीय व वाङ्मयीन इतिहासात एक विशेष प्रतिष्ठा लाभली आहे. दोन परस्परविरोधी पर्याय समोर ठेवले जातात, त्यांपैकी एक स्वीकारण्याचा आग्रह धरला जातो, आणि बोलणारा दोन्ही एकाच दमात नाकारतो. अशा वाक्यात धैर्याचा भास असतो, स्वायत्ततेचा दावा असतो आणि दोन्ही पक्षांहून उंचावर उभे असल्याचे एक सूचनही असते. मराठी भाषेच्या व्यवहाराला मात्र या प्रकाराविषयी मुळातच संशय असावा. ‘धड ना हे, धड ना ते’ असे आपण म्हणतो तेव्हा ती निंदाच असते. ‘तळ्यात-मळ्यात’ या मुलांच्या खेळात तर तिसरी जागाच नाही. पाय एक तर तळ्यात हवा, नाही तर मळ्यात. जो थबकला तो बाद. एकीकडे दुहेरी नकाराला मिळणारी प्रतिष्ठा आणि दुसरीकडे बोलीभाषेने त्याची केलेली ही थट्टा, यांच्यामध्ये या उक्तींचा खरा इतिहास घडला आहे.

हा इतिहास पाहताना बोलणाऱ्याच्या हेतूवर लक्ष केंद्रित करण्याची आपल्याकडे सवय आहे. तो प्रामाणिक होता की संधिसाधू, शूर होता की भित्रा, असे प्रश्न विचारले जातात. ते निरर्थक नाहीत. परंतु त्यांच्याआधी एक वाक्यविचाराचा प्रश्न उभा राहतो. नकार नेमका कशाला चिकटला आहे? नामाला, की क्रियापदाला? या प्रश्नाची सर्वांत काटेकोर चर्चा संस्कृत व्याकरण आणि मीमांसा या शास्त्रांनी केली आहे, आणि तिचा उपयोग आधुनिक घोषणांच्या वाचनासाठी करून पाहण्यासारखा आहे.

‘नञ्’चे दोन अर्थव्यापार आपल्या परंपरेने वेगळे केले. पर्युदासात नकार नामाशी जोडला जातो. तो एका वस्तूला वगळून तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूकडे बोट दाखवतो. ‘अब्राह्मणाला घेऊन ये’ असे सांगितले असता ऐकणारा दुसऱ्या कुणा माणसालाच घेऊन येतो, मातीचे ढेकूळ उचलून आणत नाही, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे. अर्थात नकाराच्या पोटात एक होकार दडलेला असतो. प्रसज्यप्रतिषेधात नकार क्रियेशी जोडलेला असतो. तो केवळ निषेध करतो, त्या जागी दुसरे काहीही आणून ठेवत नाही. या भेदातली खरी गोम अशी की शब्दाचे बाह्य रूप पाहून तो ओळखता येत नाही. राजस्त्रियांना ‘असूर्यंपश्या’ म्हटले जाते तेव्हा नकार समासात सूर्याला चिकटलेला दिसतो. पण त्या सूर्याखेरीज दुसरे काही पाहतात असा त्याचा अर्थ नाही. त्या सूर्यसुद्धा पाहत नाहीत, एवढेच सांगायचे असते. नकाराचा प्रकार ठरतो तो संदर्भावरून, म्हणजे पर्यायाने ऐकणाऱ्याकडून.

बौद्ध दर्शनात या भेदाला जीवनमरणाचे महत्त्व आले. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनात भोगलोलुपता आणि देहदंडन ही दोन टोके नाकारली जातात. परंतु लगेच अष्टांगिक मार्ग सांगितला जातो. हा नकार पर्युदासाच्या वळणाचा आहे. नागार्जुन जेव्हा ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही टोके नाकारतो, आणि वर ‘दोन्ही’ व ‘दोन्ही नव्हे’ हे उरलेले पर्यायही सोडून देतो, तेव्हा तो कोणता मार्ग दाखवतो? सहाव्या शतकातील भाविवेकाने निःसंदिग्धपणे सांगितले की नागार्जुनाचे नकार प्रसज्यप्रतिषेध म्हणूनच वाचले पाहिजेत. असे स्पष्टीकरण देण्याची गरज पडली, यातच सारे आले. नागार्जुनाच्या प्रतिपक्षांना त्याच्या नकारातून सतत काही ना काही होकार ऐकू येत होता. कुणाला तो नास्तित्ववादी वाटला, तर कुणी त्याला विचारले की सर्वच शून्य असेल तर तुझे हे वाक्यही शून्य नाही काय. स्वतःची काहीच प्रतिज्ञा नाही हे त्याचे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष असेल. पण ते ऐकणाऱ्याला पटवून देणे किती दुर्घट, याची साक्ष पुढची कित्येक शतके देतात.

आता आधुनिक घोषणांकडे वळू. त्यांचे एक साधे रूपवैशिष्ट्य सहसा कुणी लक्षात घेत नाही. त्यांत क्रियापद नसते. ‘ना पूर्व, ना पश्चिम’, ‘ना वॉशिंग्टन, ना मॉस्को’, ‘ना उजवे, ना डावे’. क्रियापदाचा लोप झाल्यामुळे नकाराला चिकटायला नामांखेरीज काही उरत नाही. बोलणाऱ्याच्या मनात ‘मी निवडत नाही’ असे शुद्ध क्रियानिषेधाचे वाक्य असले, तरी घोषणा होताच ते ‘मी अन्य कोणी आहे’ असे होऊन बसते. आणि तो ‘अन्य’ कोण हे सांगितले नसेल, तर ऐकणारा ते स्वतः ठरवतो.

यातल्या धोक्याची पुराणांना उत्तम जाण होती. हिरण्यकशिपूचा वर हा आपल्या परंपरेतील दुहेरी नकारांचा सर्वांत मोठा संग्रह म्हणता येईल. मरण माणसाकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. भूमीवर नको, आकाशात नको. मागणाऱ्याने हे सारे प्रसज्यप्रतिषेध समजून मागितले: मरणच नको. देणाऱ्याने ते पर्युदास म्हणून पूर्ण केले. प्रत्येक जोडीच्या फटीत एकेक तिसरे पद सापडले, उंबरठा, तिन्हीसांज, मांडी, आणि त्या सर्व फटींतून मिळून नरसिंह बाहेर आला. कथेचा कर्ता व्याकरण जाणत होता असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

ज्या घोषणा आपले तिसरे पद उघड सांगतात त्यांच्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. इराणच्या 1979 च्या क्रांतीने पूर्व आणि पश्चिम दोन्ही नाकारून इस्लामी प्रजासत्ताकाचे नाव घेतले, आणि तेहरानमधील परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावर ते वाक्य कोरले गेले. ब्रिटनमधील टोनी क्लिफ यांच्या समाजवादी गटाने वॉशिंग्टन आणि मॉस्को नाकारून आंतरराष्ट्रीय समाजवाद पुढे केला. हे उघडउघड पर्युदास आहेत. त्यांच्याशी सहमत व्हा वा होऊ नका, फसगत होत नाही. फसवे असते ते तिसरे पद झाकून ठेवणारे वाक्य. झीव्ह स्टर्नहेल यांनी 1983 साली फ्रान्समधील फॅसिस्ट विचारसरणीवर लिहिलेल्या ग्रंथाला ‘ना उजवे, ना डावे’ हेच शीर्षक दिले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डावे-उजवे हा भेदच कालबाह्य झाल्याची जी भाषा रूढ झाली, तिच्या आडोशाने फॅसिझमला वाट मिळाली, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यावरून बेर्त्राँ द जुव्हनेल यांनी बदनामीचा खटला भरला. जुव्हनेल यांच्या बाजूने साक्ष देऊन न्यायालयाबाहेर पडताच रेमाँ आराँ यांचे निधन झाले. एका दुहेरी नकाराच्या अर्थावरून विद्वानांना न्यायालयात जावे लागते ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

परंतु ज्या वाक्याला खरोखरच तिसरे पद नव्हते, त्याचे काय झाले? विसाव्या शतकातील सर्वांत शुद्ध उदाहरण ब्रेस्त-लितोव्हस्क येथील वाटाघाटींचे आहे. रशियाच्या नव्या बोल्शेव्हिक सरकारपुढे जर्मनीने तहाच्या अतिशय जाचक अटी ठेवल्या होत्या. लेनिनला तह हवा होता. बुखारिन आणि त्याच्या सहकाऱ्यांना क्रांतियुद्ध हवे होते. ट्रॉट्स्कीने दोन्ही बाजूला सारून 10 फेब्रुवारी 1918 रोजी जाहीर केले की रशिया युद्धातून बाहेर पडत आहे, आपले सैन्य विसर्जित करीत आहे, परंतु तहावर सही करणार नाही. ‘ना युद्ध, ना शांतता’ या नावाने हे सूत्र प्रसिद्ध झाले. समोर बसलेला जर्मन सेनानी माक्स होफमान ‘अश्रुतपूर्व!’ अशा अर्थाचा उद्गार काढून स्तब्ध झाला, असे सांगतात.

होफमानचा उद्गार हा त्या क्षणापुरता अचूक वाङ्मयीन प्रतिसाद होता. आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या व्याकरणात तोवर दोनच पदे होती; ट्रॉट्स्कीने एक असे वाक्य उच्चारले होते की ज्याला त्या व्याकरणात जागाच नव्हती. त्याची अपेक्षा अशी की जर्मन कामगार आणि सैनिक हे वाक्य ऐकतील आणि त्यातील रिकामी जागा क्रांतीने भरून काढतील. म्हणजे त्याच्याही मनात तिसरे पद होते. फक्त ते त्याच्या हाती नव्हते. जर्मन सेनापतींनी ती जागा अधिक सोप्या रीतीने भरली. तह नाही म्हणजे युद्धबंदी संपली, आणि युद्धबंदी संपली म्हणजे युद्ध आहे. 18 फेब्रुवारीला जर्मन सैन्य पुढे सरकू लागले. समोर लढायला कोणीच नसल्याने ते बहुतांशी लोहमार्गानेच सरकत गेले. 3 मार्चला सोव्हिएत प्रतिनिधींनी आधीपेक्षा अधिक कठोर अटींवर सही केली, तीही वाटाघाट न करता.

ट्रॉट्स्कीचे सूत्र हास्यास्पद होते असे मात्र मला वाटत नाही. ते एका पक्षांतर्गत समितीच्या खोलीत जन्मले होते, आणि त्या खोलीत त्याला अर्थ होता: लेनिन आणि बुखारिन यांच्यामध्ये ते फूट टाळणारी तडजोड होते. खोलीबाहेर पडल्यावर त्याचे श्रोते बदलले, आणि नव्या श्रोत्यांच्या हाती दहा लाखांच्या घरातले शस्त्रबळ होते. दुहेरी नकारातील रिकामी जागा कोण भरतो याचे उत्तर बहुधा असे मिळते की ज्याच्याकडे ती भरण्याचे सामर्थ्य असते तो.

दुसरे उदाहरण रंगभूमीवरून राजकारणात आलेले आहे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’मध्ये मरणोन्मुख मर्क्युशिओ भांडणाऱ्या दोन्ही घराण्यांना एकत्रच शाप देतो, तेवढाच शाप पुनःपुन्हा उच्चारतो. इंग्रजी भाषेत हे वाक्य दोन्ही पक्षांविषयीच्या वैतागाचे प्रमाणवाक्य होऊन बसले आहे. परंतु नाटकात ते कोण म्हणतो? मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांपैकी कोणाचाच नाही. तो राजाचा आप्त आहे. तरीही तो तटस्थ नाही. रोमिओ लढायला तयार होईना तेव्हा टिबाल्टवर तलवार उपसली ती त्यानेच. दोघांनाही सारखा दोष देण्याचा अधिकार त्याला मिळतो तो पोटात तलवार गेल्यानंतर. शापाची किंमत त्याने आधीच चुकवलेली आहे.

29 जून 1937 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हेच वाक्य पत्रकार परिषदेत उच्चारले. तेव्हा पोलाद कारखान्यांत संप चालू होता. एक बाजू कारखानदारांची, दुसरी जॉन एल. लुइस यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेची. महिनाभरापूर्वी, 30 मे रोजी, शिकागोत निदर्शन करणाऱ्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता आणि त्यात दहा जण मृत्युमुखी पडले होते. रूझवेल्ट यांनी शाप स्वतःच्या नावावर दिला नाही. बहुसंख्य जनता असे म्हणत आहे, असे ते म्हणाले. नाटकात मरणाऱ्या माणसाच्या तोंडी असलेले वाक्य येथे एका निनावी जनतेच्या तोंडी घालण्यात आले, आणि मेलेले सगळे एकाच बाजूचे होते.

लुइस यांनी सप्टेंबरमध्ये रेडिओवरून दिलेले उत्तर वक्तृत्वाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्याचा आशय असा की ज्याने कामगारांच्या पंगतीला बसून अन्न खाल्ले, ज्याला त्यांच्या घरी आसरा मिळाला, त्याने कामगार आणि त्यांचे शत्रू यांची मरणमिठी पडलेली असताना दोघांना सारख्याच आवेशाने शाप द्यावा हे शोभत नाही. 1936 च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांना कामगार संघटनांनी मोठे अर्थसाह्य केले होते, याकडे त्यांचा रोख होता. येथे लुइस यांनी एक महत्त्वाची वाङ्मयीन कृती केली. दुहेरी नकारातील दोन पदे वाक्यात समतोल असतात, एवढ्याने ती जगातही समतोल ठरत नाहीत, हे त्यांनी दाखवले. ‘ना’ आणि ‘ना’ या दोन सारख्या पारड्यांत काय ठेवले आहे हे वाक्य सांगत नाही. एका पारड्यात गोळी असेल आणि दुसऱ्यात ती ज्यांना लागली ती माणसे.

हाच तराजू रोलाँ बार्थ यांनी साहित्यसमीक्षेत शोधून काढला. 1957 साली ‘मिथॉलॉजीज’मध्ये संगृहीत झालेल्या एका छोट्या निबंधात त्यांनी अशा समीक्षेला ‘नी-नी’ हे नाव दिले. फ्रेंचमधील ‘नी’ म्हणजे आपला ‘ना’. निमित्त होते एका पत्राने जाहीर केलेल्या समीक्षाविषयक भूमिकेचे. समीक्षा ही दिवाणखान्यातील करमणूक असू नये आणि सार्वजनिक सेवाखात्याचे कामही असू नये, अशा आशयाची ती भूमिका होती. म्हणजे ती प्रतिगामी नको आणि साम्यवादीही नको, निरुद्देश नको आणि राजकीयही नको. बार्थ यांचे म्हणणे असे की या वाक्यात समीक्षक स्वतःला तराजूच्या दांडीच्या जागी ठेवतो. दोन वजने मोजताना आपण स्वतः वजनरहित असल्याचा त्याचा आव असतो. प्रत्यक्षात वजने आधीच चोरलेली असतात. ‘विचारसरणी’ हा शब्द दूषण म्हणून, आणि ‘संस्कृती’ किंवा ‘शैली’ हा शब्द सर्वांच्या मालकीचे पवित्र धन म्हणून वापरला जातो. निवड झालेली असते. फक्त ती निवड म्हणून दिसत नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या दीर्घ निबंधात बार्थ यांनी ही ‘ना-ना’ची लकब मध्यमवर्गीय मिथकाच्या अलंकारांपैकी एक म्हणून नोंदवली.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर बार्थ यांनी प्रसज्यप्रतिषेधाचा वेश घेतलेला पर्युदास पकडला. मराठी समीक्षेच्या वाचकांना हे प्रकरण अनोळखी वाटू नये. ‘जीवनवादी नको, कलावादीही नको’ असे म्हणून ‘शुद्ध वाङ्मयीन’ वा ‘निखळ’ अशा विशेषणांकडे सरकणारी अग्रलेखी भाषा आपण सर्वांनीच वाचली आहे, काहींनी लिहिलीही आहे. ‘निखळ’ या शब्दात कोणाचे जीवन आधीच गृहीत धरलेले असते हा प्रश्न दलित साहित्याच्या चळवळीने विचारला, आणि तो सैद्धान्तिक दृष्ट्या बार्थ यांच्याच प्रश्नाच्या जातीचा होता.

तथापि येथे थांबलो तर दुहेरी नकार म्हणजे नेहमीच लबाडी असा निष्कर्ष निघेल, आणि तो अन्यायाचा ठरेल. कारण ज्याला दोन्ही पर्याय खरोखरच बंद आहेत अशा माणसाच्या तोंडी हेच वाक्य वेगळे होते. 20 नोव्हेंबर 1930 रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर जे बोलले ते पाहावे. दीडशे वर्षांच्या ब्रिटिश अमलाने अस्पृश्यांच्या जखमा भरल्या नाहीत, असे त्यांनी राज्यकर्त्यांच्या समोर सांगितले आणि नोकरशाहीच्या जागी लोकांचे सरकार हवे अशी मागणी केली. त्याच वेळी नव्या राज्यघटनेत दलितांना राजकीय सत्तेचा वाटा मिळाला नाही तर ते स्वराज्य त्यांच्या उपयोगाचे नाही, हेही सांगितले. ही पूर्ण क्रियापदांची वाक्ये होती, आणि त्यांचे तिसरे पद भाषणातच मांडलेले होते. परंतु राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या एका वर्गाला त्यांतून एकच गोष्ट ऐकू आली: जो काँग्रेसबरोबर नाही तो ब्रिटिशांचा. नकाराच्या दोन अंगांपैकी एक गाळून दुसऱ्याचा होकार करून टाकण्याची ही रीत तळ्यात-मळ्यातच्या खेळासारखी आहे. खेळाचे नियम ठरवणाऱ्याला तिसरी जागा दिसतच नाही, आणि ती दिसू न देण्यात त्याचा लाभही असतो.

स्वातंत्र्यानंतर भारतीय राज्यसंस्थेनेच दुहेरी नकाराला परराष्ट्र धोरणाचे रूप दिले. या धोरणाचे जे नामकरण आपल्या भाषांनी केले ते उद्बोधक आहे. हिंदीने ‘गुटनिरपेक्षता’ हा शब्द घेतला: गटांची अपेक्षा नसणे. मराठीने ‘अलिप्तता’ पसंत केली. न माखलेला, न चिकटलेला, पाण्यात असून न भिजणाऱ्या कमळाच्या पानासारखा. एक शब्द राजनीतीचा, दुसरा अध्यात्माच्या वळणाचा. मराठी शब्दातील ‘अ’ मला नेहमीच संदिग्ध वाटत आला आहे. न माखण्याची क्रिया सतत करीत राहावी लागते, की न माखलेपण हा एक प्राप्त झालेला गुण आहे? नेहरू आग्रहाने सांगत की अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, प्रत्येक प्रश्नावर आपण स्वतंत्रपणे निर्णय घेऊ. म्हणजे त्यांना क्रिया अभिप्रेत होती. जॉन फॉस्टर डलेस यांना मात्र, जून 1956 च्या त्यांच्या प्रसिद्ध भाषणावरून दिसते त्याप्रमाणे, तटस्थता ही अपवाद वगळता अनैतिक वाटत होती; त्यांना तेथे क्रियेचा अभावच ऐकू आला.

त्याच वर्षाच्या अखेरीस परीक्षेचा प्रसंग आला. सुएझवरील ब्रिटिश-फ्रेंच-इस्रायली आक्रमणाचा भारताने तत्काळ आणि कठोर निषेध केला. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा मात्र भाषा सावध झाली, आणि 9 नोव्हेंबर 1956 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घेण्याचे आवाहन करणाऱ्या ठरावाच्या विरोधात भारताने मत दिले. जयप्रकाश नारायण यांच्यासह अनेकांनी यावर टीका केली. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने मुद्दा असा: दोन ‘ना’ सारख्या जोराने उच्चारले गेले नाहीत आणि ऐकणाऱ्यांनी तो फरक मोजला. वसाहतवादातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला लंडन आणि मॉस्को समान अंतरावर वाटणे शक्यच नव्हते. इतिहासाने ते अंतर आधीच ठरवून ठेवले होते. परंतु ‘अलिप्त’ हा शब्द समान अंतराचे वचन देत होता. धोरणाला शब्दाने दगा दिला, असे म्हणता येईल.

आता बार्थ यांच्याकडे परत जाणे भाग आहे, कारण ते स्वतःही त्या जागी परत आले. 1957 साली ‘ना-ना’ची टवाळी करणाऱ्या या समीक्षकाने 1978 च्या फेब्रुवारी ते जून या काळात कोलेज द फ्रान्समध्ये जी व्याख्याने दिली त्यांचा विषय होता ‘तटस्थ’. त्यांची टिपणे 2002 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अर्थ निर्माण होतो तो विरोधातून, एकाची निवड आणि दुसऱ्याचा त्याग यांतून, हे संरचनावादाचे मूलसूत्र त्यांना मान्यच होते. त्या विरोधालाच चकवणारे जे काही असेल त्याला ते ‘तटस्थ’ म्हणत होते. व्याख्यानांचा विषय ठरवणे आणि ती प्रत्यक्ष देणे यांच्या दरम्यान, ऑक्टोबर 1977 मध्ये, त्यांच्या आईचे निधन झाले होते, आणि त्या दुःखाने विषयाचा रंग बदलल्याचे त्यांनी सुरुवातीलाच सुचवले. आपण पूर्वी ज्याची टर उडवली तीच भूमिका आता घेत आहोत काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. त्यांच्या मते ‘ना-ना’ म्हणजे तटस्थाचे विडंबन होय. पहिल्यात बोलणारा न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. दुसऱ्यात ते आसनच सोडून देतो.

हा भेद मोहक आहे, पण व्याख्यानगृहात तो जितका स्पष्ट दिसतो तितका बाहेर दिसत नाही. नेमक्या त्याच आठवड्यांत इटलीमध्ये दुहेरी नकाराची अत्यंत निर्दय परीक्षा चालू होती. 16 मार्च 1978 रोजी रेड ब्रिगेड्स या सशस्त्र गटाने आल्दो मोरो यांचे अपहरण केले आणि त्यांच्या पाच संरक्षकांना ठार मारले. राज्यसंस्थेने वाटाघाटी नाकारल्या. मोरो यांचा स्वतःचा ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष दोघेही त्या निर्धारात सामील होते. ‘ना राज्यसंस्थेबरोबर, ना रेड ब्रिगेड्सबरोबर’ ही घोषणा डाव्या वर्तुळांत फिरत होती, आणि ती लेखक लिओनार्दो शाशा यांच्या नावाला चिकटली. त्याला पार्श्वभूमी होती. 1977 साली तुरीनमधील रेड ब्रिगेड्सच्या खटल्यात पंच म्हणून बसायला नागरिक तयार होईनात, तेव्हा शाशा यांनी अशा राज्यसंस्थेसाठी आपणही ते काम करू इच्छिणार नाही असे म्हटले होते, आणि कम्युनिस्ट नेते जॉर्जो आमेन्दोला यांनी बुद्धिजीवींवर भित्रेपणाचा आरोप केला होता. इटालियन समाजवाद्यांच्या स्मृतीत 1915 सालची ‘ना सामील व्हा, ना घातपात करा’ ही महायुद्धकालीन घोषणाही ताजी होती, आणि तिने काहीही थांबवले नव्हते हेही सर्वांना ठाऊक होते.

9 मे रोजी रोममध्ये एका मोटारीत मोरो यांचा मृतदेह सापडला. बंदिवासाच्या पंचावन्न दिवसांत त्यांनी अनेक पत्रे लिहिली होती. पत्नीला, पक्षातील सहकाऱ्यांना, पोपना. त्यांत त्यांनी आपल्या सुटकेसाठी वाटाघाटी कराव्यात असे पुनःपुन्हा सुचवले होते. राज्यसंस्थेची बाजू घेणाऱ्यांनी ठरवले की ही पत्रे मोरो यांची नव्हेतच; हात त्यांचा, मन अपहरणकर्त्यांचे. अपहरणकर्त्यांच्या दृष्टीने ती पत्रे म्हणजे प्रचाराचे साधन होते. थोडक्यात, ती वाचण्याची गरज कोणत्याच पक्षाला वाटली नाही.

शाशा यांनी ती वाचली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मोरो प्रकरण’ या त्यांच्या छोट्या पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे त्या पत्रांचे शब्दशः, वाक्यशः केलेले वाचन आहे. मोरो यांची राजकीय भाषा ही इटलीतील सर्वांत दुर्बोध भाषा असल्याचे पाझोलिनी यांनी काही वर्षांपूर्वी म्हटले होते. काहीही न सांगण्यासाठी घडवलेल्या त्याच भाषेतून आता मोरो यांना, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, काही सांगायचे होते, हे शाशा यांनी ओळखले. एखादे विशेषण अनावश्यक का आले, एखादा शब्द नेहमीच्या जागी का नाही, एखादे वाक्य मध्येच का वळले, असे प्रश्न ते विचारत जातात. संहितेचे बारकाईने वाचन हे आपण ज्याला म्हणतो, ते येथे एका माणसाला त्याचे स्वतःचे वाक्य परत मिळवून देण्यासाठी चालले होते. त्यासाठी ज्यांनी ती पत्रे खोटी ठरवली ते, आणि ज्यांनी ती वापरली ते, असे दोघेही बाजूला सारावे लागले.

1979 साली शाशा रॅडिकल पक्षाच्या वतीने संसदेत निवडून गेले आणि मोरो प्रकरणाची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाचे सदस्य झाले. आयोगाच्या बहुमताशी त्यांचे पटले नाही, आणि 1982 च्या जूनमध्ये त्यांनी आपला स्वतंत्र अल्पमत अहवाल सादर केला. पुढील आवृत्त्यांमध्ये तो अहवाल ‘मोरो प्रकरण’च्या अखेरीस, त्या पत्रांच्या वाचनानंतर, छापला जाऊ लागला.